पहिल्या शीलापाशी

या वेळचं पोस्टिंग पीस स्टेशनचं. बंगळूर. माझं ऑफिस शहरात आणि बायकोची नोकरी देवनहळ्ळीच्या एरोस्पेस पार्कमध्ये. दोघांपैकी एकाने रोज बेल्लारी रोडची गर्दी सोसायची होती. लग्नानंतर तिने माझ्यासाठी अकरा घरं आवरली आणि अकरा घरं लावली, त्यामुळे ती कुणी सोसायची हा प्रश्न निकालात निघालेलाच होता. क्वार्टरची यादी लांबलचक, ती पुढे सरकेपर्यंत देवनहळ्ळीत भाड्याचं घर.

गाव आवडलं. टिपू सुलतानाचा जन्म इथला. किल्ल्याजवळ चार खांबांचं एक दगडी बांधकाम आहे, त्यावर तसं लिहिलेलं आहे. मूळ किल्ला मातीचा, हैदर आणि टिपूने तो दगडात बांधला आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने घेतला. संध्याकाळी मी तटावरून फिरतो. फिरताना फौजी डोकं आपलं काम करतच असतं: या बुरुजावरून आडवा मारा कुठवर पोचेल, शत्रू कुठून चढेल वगैरे. बाजारात चकोता मिळतो, म्हणजे आपला पपनस. इथल्या चकोत्याला जीआय मानांकन आहे हे प्रत्येक फळवाला सांगतो. डोक्यावरून विमानं जात असतात. पहिल्या आठवड्यात झोप मोडायची, आता विमान उशिरा आलं की मोडते.

रविवारी मात्र मी पहाटे उलट्या दिशेला, शहरात जातो. मॅजेस्टिकच्या अलीकडे गांधीनगरात महाबोधी सोसायटीचा विहार आहे. मोठा बोधिवृक्ष आहे, बाल भिक्खूंची धावपळ असते आणि त्या सगळ्या गलबल्यात एक शांत खोली आहे. सहा-सात महिने झाले. 'कर्नल साहेब हल्ली गोल्फला येत नाहीत' हे मेसमध्ये सगळ्यांच्या लक्षात आलंय. कुठे जातात ते दोघातिघांनाच माहीत आहे, आता तुम्हालाही.

याची सुरुवात बंगळूरला झाली नाही. खूप वर्षांपूर्वी उत्तरेत एका उंच पोस्टवर मी कंपनी कमांडर होतो आणि आमचे सुभेदार साहेब बुलढाणा जिल्ह्यातले. (बिगरफौजी वाचकांसाठी: आमच्यात अधिकारी जेसीओला साहेब म्हणतो आणि जेसीओ अधिकाऱ्याला. दोघेही एकमेकांचे साहेब.) त्यांच्या बंकरमध्ये बुद्ध, बाबासाहेब आणि शिवाजी महाराज अशा तीन तसबिरी एका ओळीत असायच्या. बर्फाने रस्ता बंद झाला की आठवडेच्या आठवडे करायला काही नसतं. अशा एका हिवाळ्यात त्यांनी मला धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' वाचायला दिलं. म्हणाले, "वाचून परत करा साहेब, वडिलांची प्रत आहे." मी परत केली आणि सुट्टीत पुण्यात स्वतःची विकत घेतली. पुढच्या प्रत्येक पोस्टिंगला ती ट्रंकेत गेली.

माझं घर साताऱ्याकडचं, वारकरी. आजोबांनी वारी चुकवली नाही. मी सातारा सैनिक स्कूल, तिथून खडकवासला, तिथून डेहराडून, असा ठरलेला रस्ता. धर्म म्हणजे पलटणीचं मंदिर, रविवारची मंदिर परेड आणि गुरुजींनी दिलेला शिरा. त्यात कधी काही खुपलं नव्हतं. कोसंबींच्या पुस्तकाने काही खुपवलंही नाही, एक ओढ लावली एवढंच. आणि ओढीमागोमाग दुसरी गोष्ट आली, जिच्याबद्दल हा लेख आहे: आपण याच्या लायकीचे नाही अशी एक चिवट भावना.

विहारात रविवारी भिक्खूंच्या मागोमाग सगळे त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. त्रिशरण मी म्हणालो. मग पहिलं शील आलं, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. माझे ओठ मिटले. ठरवून नाही. परेडवर पाय आपोआप थांबतो तसं काहीसं. दुसरं, तिसरं, चौथं म्हणालो, पाचव्याला मेस नाइट आठवून थोडा अडखळलो. पण पहिलं नाहीच. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. शेजारी एक म्हातारे कन्नड गृहस्थ बसतात, ते डोळे मिटून मोठ्याने म्हणतात. माझ्या जागी चार शब्दांचा खड्डा पडतो हे त्यांना ऐकू येत असणार असं मला वाटायचं.

बावीस वर्षांची सर्व्हिस. त्यातली काही अशा भागांत, जिथे हत्यार कपाटात राहत नाही. त्याबद्दल इथे यापूर्वी जेवढं लिहायचं तेवढं लिहिलंय, जास्त लिहिणार नाही. मला त्याची शरम नाही. जे केलं ते हुकमाने, कायद्याच्या चौकटीत आणि माझ्या जवानांना घरी परत न्यायला केलं. पण शरम नसणं वेगळं आणि ते शील तोंडाने म्हणणं वेगळं. उद्या पुन्हा हुकूम आला तर मी पुन्हा तेच करणार, हे मला माहीत असताना कसं म्हणायचं?

मग मी फौजी जे करतो ते केलं. नियमावली उघडली. संयुत्त निकायात एका योद्ध्याची गोष्ट आहे. सैनिकांचा एक नायक बुद्धांकडे येऊन विचारतो, आमचे जुने आचार्य सांगत आलेत की लढता लढता मेलेला सैनिक स्वर्गात जातो, तुमचं काय म्हणणं? बुद्ध म्हणतात, हे विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ते आडपडदा ठेवत नाहीत. समोरचे मरोत, या इच्छेने ज्याचं मन लढताना आधीच खाली गेलेलं आहे, तो मेल्यावर स्वर्गात नाही, नरकात जातो. नायक रडायला लागतो. बुद्ध म्हणतात, म्हणूनच सांगत नव्हतो. तो म्हणतो, तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी रडत नाही, आमच्या आचार्यांनी इतकी वर्षं आम्हाला फसवलं म्हणून रडतो.

देवनहळ्ळीच्या घरात रात्री अकराला हे वाचलं. पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. नंदीच्या टेकड्या दिवसा दिसतात, रात्री त्या बाजूला नुसता काळोख. मी किती मुलांच्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी घेऊन गेलोय. प्रत्येक घरात, अंगणात, गावच्या सरपंचासमोर, मी त्या जुन्या आचार्यांचीच भाषा बोललो. दुसरी कोणती बोलणार होतो? आईसमोर उभं राहून माणूस काय बोलतो ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. त्या रात्री मला वाटलं, हा दरवाजा आपल्यासाठी नाही, कोसंबींचं पुस्तक परत ट्रंकेत टाकावं.

याच्यावर एक ठरलेला उतारा आहे, तो मला तीन-चार जणांनी दिला: सिंह सेनापती. वैशालीचा सेनापती, आधी निगंठांचा म्हणजे जैन मुनींचा उपासक. तो बुद्धांना भेटतो आणि तिथेच उपासक व्हायचं म्हणतो. बुद्धांनी त्याला सेनापतिपद सोडायला सांगितलं नाही, मग तुम्हाला कसली अडचण, असा युक्तिवाद. मला तो पटला नाही. सोडायला सांगितलं नाही हे खरं, पण काम चांगलं आहे असंही म्हटलेलं नाही. गप्प बसण्याला मंजुरी समजायची चूक आमच्याकडे नवखा लेफ्टनंटसुद्धा करत नाही. मला त्या गोष्टीतलं दुसरंच आवडलं. सेनापती उपासक व्हायला निघालाय, केवढा मोठा मोहरा! आणि बुद्ध त्याला सांगतात, नीट विचार कर, तुझ्यासारख्या प्रतिष्ठित माणसाने तपासून मगच पाऊल टाकावं. आणि इतकी वर्षं तुझ्या घरी निगंठांना भिक्षा मिळते, ती बंद करू नकोस. भरतीच्या मैदानावर मी बराच काळ घालवलाय, आलेल्या उमेदवाराला 'घाई करू नकोस' सांगणारा भरती अधिकारी कुठे बघितला नाही.

विहारातल्या बाल भिक्खूंपैकी बरेच ईशान्येकडचे. त्यातला एक दहा-बारा वर्षांचा, अरुणाचलच्या दियूनचा चकमा मुलगा. त्या बाजूला मी तीन वर्षं काढलीत. माझे केस बघून पहिल्याच दिवशी विचारलं, "अंकल, फौजी?" मी हो म्हटलं आणि त्याच्या गावाजवळच्या नदीचं नाव घेतलं, तर तो उडालाच. त्यानंतर दर रविवारी तो मला शोधून काढतो. पण चीवर घातलेल्या त्या पोराला नमस्कार मी करायचा, त्याने मला नाही. हे मला जड गेलं का? नाही. उलट सोपं गेलं, आणि सोपं का गेलं ते लक्षात यायला वेळ लागला. मला एनडीएची पहिली टर्म आठवत होती. फर्स्ट टर्मरला समोरून येणारा प्रत्येक जण सीनियर. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा फर्स्ट टर्मर झालो होतो आणि त्यात मला एक प्रकारची गंमत, खरं तर ऊब वाटत होती.

संघातली ज्येष्ठता आमच्यासारखीच तारखेवर चालते. आमच्याकडे कमिशनची तारीख, तिथे दीक्षेची, किती वर्षावास झाले त्यावर. घरचं कूळ, आधीचा हुद्दा, वय, सगळं शून्य. शाक्य राजपुत्र घर सोडून निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, देवदत्त ही मंडळी बुद्धांना म्हणाली, आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला सीनियर होईल आणि आम्हाला त्याच्यापुढे वाकावं लागेल. आमच्यातला शाक्यपणाचा ताठा जिरू दे. खडकवासल्यात पहिल्या दिवशी न्हावी सगळ्यांना एकाच मशिनखालून काढतो, आमदाराचा मुलगा आणि हवालदाराचा मुलगा नंतर ओळखू येत नाहीत. उपालीची गोष्ट त्याच्या एक पायरी पुढची आहे.

एकदा वंदना संपल्यावर एका ज्येष्ठ भिक्खूंशी बोलायची संधी मिळाली. मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत मी सांगितलं की मी सेवेत आहे, पहिलं शील माझ्या तोंडून निघत नाही, इथे बसायची माझी लायकी नाही असं वाटतं. मला वाटलं होतं ते समजूत घालतील. ते हसले. म्हणाले, मान तीन प्रकारचा असतो. मी वरचा, मी बरोबरीचा, मी खालचा. तिन्ही मानच. मग घड्याळ बघून जेवायला गेले, कारण दुपारनंतर त्यांना जेवता येत नाही.

गाडीत बसून मी हेब्बाळपर्यंत त्याचाच विचार करत होतो. आम्ही फौजी माणसं खोलीत शिरलो की पहिल्या तीन सेकंदांत बघतो: कोण सीनियर, कोण जूनियर, कोणाला सलाम, कोणाकडून घ्यायचा. बायको म्हणते, लग्नाच्या पंगतीतही तुम्ही असेच बघता. विहारात गेल्यावर मी तेच करत होतो, फक्त स्वतःला शेवटच्या नंबरवर टाकून. शेवटचा नंबरही नंबरच. दीनपणा म्हणून जे मी इतके महिने सांभाळत होतो, ते खांद्यावरच्या पट्ट्या उलट्या लावून मिरवणं होतं की काय? पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. शील अडखळतं ते निव्वळ मानामुळे, असंही मला वाटत नाही. पण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली होती, ती तेव्हा सैल झाली.

त्या रात्री सुभेदार साहेबांना फोन लावला. निवृत्त होऊन ते गावी शेती बघतात. सोयाबीनचा भाव, नातीची शाळा, गुडघेदुखी, हे सगळं झाल्यावर मी विषय काढला. फोनवर बराच वेळ काही नाही. मग म्हणाले,

"साहेब, एक विचारू? तुम्ही लायकी स्वतःची स्वतः ठरवताय. आमच्या आजोबांची लायकी दुसऱ्यांनी ठरवलेली होती. विहिरीवर, देवळात, शाळेत. नागपूरला गेले तेव्हा पहिल्यांदा कुणी ती विचारली नाही."

त्यांचे आजोबा महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तेव्हाच्या भरतीतले. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपुरात होते, अंगावर पांढरे कपडे. रायफल चालवलेला माणूस. लाखो लोकांबरोबर त्यांनी बाबासाहेबांच्या मागून पंचशील म्हटलं, पहिलं शील धरून.

"तेव्हा त्यांना काही वाटलं नसेल?" मी विचारलं.

"वाटलं असेल की. आम्हाला सांगायचे, शील म्हणजे कसम नाही, शिक्षापद आहे. शिकायची पायरी. रंगरूट पहिल्या दिवशी गोळी बरोबर निशाण्यावर मारत नाही म्हणून आपण त्याला घरी पाठवतो का?" मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. अहिंसेसाठी चांदमारीचं उदाहरण फौजीच देऊ जाणे.

एक गोष्ट त्यांनी अशीही सांगितली, जी ऐकायला सोपी नव्हती. म्हणाले, "तुमच्याकडची माणसं बुद्ध वाचतात, ध्यान करतात, चांगलं आहे. पण आमच्या गल्लीतला विहार आला की चप्पल पायातच राहते." माझ्याबद्दल नाही म्हणाले, तसं त्यांनी स्पष्टही केलं. तरी मी मनात मोजलं: बंगळूरच्या विहारात मी सहा महिने जातोय, साताऱ्यात माझ्या गावच्या विहारात मी आयुष्यात गेलेलो नाही. तो आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. पुढच्या सुट्टीत जाणार आहे. तिथे मला कोण कसं बघेल याची धास्ती गांधीनगरपेक्षा कितीतरी जास्त वाटते आणि या धास्तीला काहीतरी खरा आधार आहे.

पुढच्या रविवारी मी पहिलं शील म्हटलं. हळू, शेजारच्या गृहस्थांच्या आवाजाखाली. हुकूम आला तर काय, हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. माझी अजून दहा वर्षं सर्व्हिस आहे, तो प्रश्नही तेवढी वर्षं बरोबर राहील.

गांधीनगरचा हा विहार ज्यांनी १९५६ मध्ये सुरू केला ते आचार्य बुद्धरक्षित, यांची हकीकत मला नंतर कळली. मूळचे इंफाळचे, बंगाली कुटुंबातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सेवेत होते. युद्धानंतर सगळं सोडून एका इंग्रज मित्राबरोबर भटकत राहिले. हा मित्रही सैनिकच, ब्रिटिश सैन्यातून भारतात आलेला, पुढे संघरक्षित म्हणून ओळखला गेला. दोघे सारनाथला दीक्षा मागायला गेले, तिथे नकार मिळाला. मग पायी कुशीनगर गाठलं. तिथे वृद्ध ब्रह्मी भिक्खू ऊ चंद्रमणी होते. मे १९४९ मध्ये त्यांनी या दोघांना श्रामणेर केलं. सात वर्षांनी नागपुरात बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भिक्खू हेच. म्हणजे मी ज्या खोलीत ओठ मिटून बसत होतो ती खोली उभी करणारा माणूस आणि सुभेदार साहेबांचे आजोबा, दोघे एकाच म्हाताऱ्या हातापर्यंत पोचतात. दोघेही माजी सैनिक. बोधिवृक्षाखाली बसून हे जुळवताना त्या चकमा पोराने माझ्या टोपीचा ताबा घेतला होता.

मागच्या महिन्यात सलग सुट्टी आली तेव्हा बायकोला म्हटलं, चल ब्रह्मगिरीला. तिला वाटलं त्र्यंबकेश्वर. हा चित्रदुर्ग जिल्ह्यातला, मोळकाल्मूरूकडचा. देवनहळ्ळीहून पहाटे निघालं की दुपारच्या आत पोचता येतं. टेकडीच्या पायथ्याशी एक मोठी शिळा, तिला तिकडे अक्षरगुंडु म्हणतात. १८९२ मध्ये बी. एल. राइस यांना इथला अशोकाचा लेख सापडला.

हा लेख मी अनुवादात वाचून गेलो होतो, तरी शिळेसमोर वाचताना हसू आलं. सुरुवात आमच्या डीओ लेटरसारखी. सुवर्णगिरीहून आर्यपुत्र आणि महामात्र यांच्याकडून, इसिल इथल्या महामात्रांना, प्रकृती विचारून. मग मजकूर. सम्राट सांगतोय की मी अडीच वर्षांहून जास्त काळ उपासक आहे, पण त्यातलं एक वर्ष मी फारसा जोर लावला नाही. संघाजवळ गेलो, त्याला वर्षावर झालं, तेव्हापासून चांगले प्रयत्न करतोय. आणि हे फक्त मोठ्यांनाच साधतं असं नाही, लहान माणसालाही प्रयत्नाने साधतं.

हा कलिंगवाला अशोक. त्याच्याच दुसऱ्या लेखात आकडे आहेत: दीड लाख माणसं हलवली गेली, एक लाख मारली गेली. नंतर त्याने सैन्य मोडलेलं नाही, त्याच लेखात जंगलातल्या टोळ्यांना दम भरलाय. आणि असा माणूस आपल्याच अधिकाऱ्यांना सरकारी पत्रात कळवतोय की पहिलं वर्ष माझं ढिलं गेलं. मी माझ्या कमांडिंग ऑफिसरच्या काळात असं एक वाक्य कुठल्याही फाइलवर लिहिलेलं नाही, आणि वरून आलेलंही वाचलेलं नाही.

शेवटी लेखनिकाचं नाव आहे, चपड. सगळा लेख ब्राह्मीत आणि आपल्या नावापुढचा 'लिपिकार' हा शब्द पठ्ठ्याने वायव्येकडच्या खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे कोरलाय. पोस्टिंगवर आलेला, घरापासून लांबचा क्लार्क असणार. बायको म्हणाली, याचंही बिऱ्हाड कुणीतरी आवरलं असेल.

यंदा अशोक विजयादशमीला सुभेदार साहेबांनी नागपूरला बोलावलंय. त्यांच्याच नातेवाइकांकडे उतरायचं, जमिनीवर गादी, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते हे आधीच सांगून ठेवलंय. पाच दिवसांच्या रजेचा अर्ज टाकलाय. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असं लिहिलंय. अजून सही झालेली नाही.